बरणी कोणी हलवली

एवढ्याशा पोरीवर एवढं ओरडतं का कोणी? आज सकाळी आमच्या ह्यांनी जो आवाज चढवला, तो ऐकून वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन खाली डोकावायला लागली. मी दारात जाऊन तिला सांगितलं, "काही नाही हो, पाण्याच्या बरणीवरून खून पडायचाय. पडला की कळवते." ती आत गेली. माझ्या घरातला आवाज बाहेर गेलेला मला खपत नाही. गेलाच तर तो माझा असावा.

भांडण तुरटीचं होतं. लेक कामावर जाताना तिची दोन्ही पोरं माझ्याकडे सोडते. मोठी भिंगरी आणि धाकटा मुंगळा. नावं मीच पाडलीत आणि दोघांनी ती खरी करून दाखवलीत. भिंगरी शाळेतून एक नवीन वेड घेऊन आली. कढत पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, पाणी निवलं की एक बारका खडा दोऱ्याला बांधून त्यात लोंबता सोडायचा आणि विसरून जायचं. पाणी हललं नाही तर तो खडा आपला आपण वाढतो, काचेसारख्या कडा धरतो. हललं की संपलं, तळाशी नुसता चुरा.

बरणी ठेवायची कुठे, तर आजोबांच्या टेबलावर. आमचे हे चष्मे दुरुस्त करतात. दुकानातून मोडक्या फ्रेमांचा डबा घरी येतो आणि खिडकीपाशी बसून हे मोहरीएवढे स्क्रू बसवत असतात. त्या टेबलाला हात लावायची आमच्याकडे कोणाची टाप नाही. म्हणून भिंगरी म्हणाली, "आजी, घरात तेवढंच टेबल कधी हलत नाही." हुशार आहे पोरगी. माझ्यावर गेलीय.

पण पहिल्या बरणीत चुरा झाला, दुसरीतही झाला, आणि आज सकाळी पाहिलं तर तिसरीतही.

"हिनेच हलवली!" हे ओरडले. "एक क्षण स्वस्थ बसत नाही कार्टी!"

"मी हात नाही लावला, आजोबा."

"मग काय भुताने लावला?"

"भूत नाहीये, आजोबा," मुंगळा म्हणाला. "मी टेबलाखाली बघितलं."

एरवी हे हसले असते. आज त्याच्याकडेही डोळे वटारून पाहिलं. भिंगरी रडली नाही. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मग दिवसभर तशीच. जेवायला बसली तेव्हा तेवढे सोडले.

मी पुन्हा पाणी उकळलं. "ये, ढवळ," म्हटलं तर मान हलवली. "तूच ढवळ, आजी. नाहीतर माझ्यामुळेच झालं म्हणतील." दोऱ्याला खडा बांधायची वेळ आली तेव्हा मी ह्यांना हाक मारली. अहो, ज्या माणसाने जन्मभर डोळ्याला दिसणार नाही असली कामं केली, त्याला एक गाठ जड आहे का?

"मला वेळ नाही," हे म्हणाले आणि उठून खिडकी उघडली. मग लावली. मग पेपर घेतला, ठेवला, पुन्हा खिडकी. हल्ली हे असंच. घरात नुसत्या येरझाऱ्या, आणि उजवा हात सदान्‌कदा खिशात. पूर्वी खिशात हात घालून चालणाऱ्यांना हे स्वतःच नावं ठेवायचे.

गाठ शेवटी मीच मारली, तीही धड दिसत नसताना, आणि बरणी पुन्हा त्याच टेबलावर ठेवली. माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडलाय, तिथे मी शिवायचा दोरा गुंडाळलाय. चष्मेवाल्याची बायको आणि चष्म्याला दोरा! चारचौघीत मान खाली घालायची पाळी आली, पण ह्यांचं आपलं "उद्या बघतो."

दुपारी पोरांना जिन्यात खेळायला पिटाळलं आणि ह्यांच्या सदऱ्याची बटणं लावायला घेऊन टेबलासमोर बसले. म्हटलं, चोर कोण ते आज बघतेच. मला मांजराचा संशय होता.

हे आले. मी दोऱ्यात मान घातलेली पाहून त्यांना वाटलं, हिचं लक्ष नाही. एक फ्रेम पुढ्यात घेतली, पेचकस घेतला, आणि उजवं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं. बरणीतलं पाणी हललं. नुसतं शहारल्यासारखं, वरच्या वर. मी खिडकीतून खाली पाहिलं, गाडी नव्हती. ह्यांनी पेचकस ठेवून हात उचलला. पाणी थांबलं. पुन्हा मनगट दाबलं, पुन्हा पाणी. दोऱ्याच्या टोकाचा तो इवलासा खडा हलायला लागला.

हातातली थरथर दाबून दाबून हे टेबलात उतरवत होते, आणि ती बरणीत निघत होती.

सुई माझ्या बोटात गेली. "अगं आई," म्हटलं तसं ह्यांनी वर पाहिलं. माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि डावा हात उजव्यावर ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मी शाळेत फार गेले नाही, पण आंधळी नाही. चष्मा मोडका असला तरी."

ह्यांनी पुढ्यातली फ्रेम डब्यात टाकली. मग म्हणाले, "बरेच दिवस झाले. स्क्रू धरला की उडतो. जमिनीवर शोधत बसतो. डबा तसाच परत पाठवतोय."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगून काय? हात गेला म्हणजे मी कोण राहिलो?"

मी त्यांचा हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरला. तो माझ्या मुठीत पाखरासारखा फडफडत होता.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर. आणि तुमचा उद्या नव्हे, माझा उद्या."

"येतो. पण पोरांना कळू देऊ नकोस."

"मग बरणी तिनेच हलवली, असं राहू द्यायचं?"

"लहान आहे. विसरेल."

तेवढ्यात दार किलकिलं झालं. भिंगरी उंबऱ्याबाहेर उभी, हात पाठीमागे घट्ट. तिच्या मागून मुंगळ्याचं नुसतं डोकं.

"आजी, बघू का? आत नाही येत. लांबूनच बघते."

ह्यांची मान खाली गेली. मी त्यांचा हात सोडला, उठले, आणि भिंगरीला दंडाला धरून टेबलापाशी आणून उभी केली.

"आजोबांना तुला काहीतरी सांगायचंय," म्हटलं, आणि मग ह्यांच्याकडे वळले.

"चला, बोला. चुकलो म्हणायला हात लागत नाही, तोंड लागतं. आणि तुमचं तोंड चांगलं धडधाकट आहे. सकाळी अख्ख्या जिन्याने ऐकलंय."