सानिकाचा पूल आणि माझी स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे आणि मी रागावलेला आहे.

अंबाल्याच्या कारखान्यात माझ्या नळीत स्प्रिंग बसवली गेली. पुण्याच्या शाळेत निशिगंधाबाईंनी मला पुष्कळ वर्षं वापरलं. नवऱ्याला परदेशात, फेल्डहोवनला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मला लोकरी मोज्यात गुंडाळून सोबत आणलं. इथे दर शनिवारी वस्तीच्या सभागृहात त्या मुलांना बल शिकवू लागल्या. मुलं माझ्या हुकाला बूट, दप्तर, सायकलचं कुलूप अडकवून ओढत. "आधी हाताला जाणवू दे, मग आकडा वाचा," बाई म्हणत. काटा सरकला की मुलं टाळ्या पिटत. फार सुखाचे दिवस होते ते!

मग पुलाची स्पर्धा ठरली. सामान म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या आणि दोरा. वर्गातल्या सानिकाचा पूल सारखा मोडायचा. शेवटी तिने काड्यांचे त्रिकोण बांधले. पूल वाकडा झाला, पण तो तिचा होता.

स्पर्धेला तिचे बाबा, प्रतापराव, स्वतः बांधलेला एक गुळगुळीत, देखणा पूल घेऊन आले. सानिका मान खाली घालून मागे उभी.

"तुझा पूल कुठे गं?" बाईंनी विचारलं.

"बाबा थ्रू इट अवे," ती पुटपुटली.

"अहो, तो हलत होता. लोक हसले असते," प्रतापराव म्हणाले. त्यांनी मला आपल्या पुलाला अडकवलं आणि खाली खेचू लागले. "बघा, किती जोर सोसतो!"

"थांबा! स्प्रिंग जाईल!" बाई ओरडल्या.

ते थांबले नाहीत. पूल टिकला. मी कामातून गेलो. आता काहीही अडकवलेलं नसताना माझा काटा अर्ध्यावर उभा असतो.

"नवीन मागवतो," एवढंच ते म्हणाले. माझं अंग जळत होतं.

सानिका तिथेच जमिनीवर बसली आणि उरलेल्या काड्या जुळवून पुन्हा पूल बांधू लागली. प्रतापराव वाकले. "दे, मी धरतो."

"नाही बाबा. मी."

बाईंनी तिच्या नव्या पुलाला बादली टांगून वाळू ओतली. पूल वाकला, कडकन मोडला. सानिका ओरडली, "बाई, इथे तुटला! इथे जोर जास्त आला!" तिला कळलं होतं.

मित्रांनो, तुमचा पूल मोडला तर मोडू द्या. पण "दे, मी करतो" म्हणत कुणी हात पुढे केला, तर मुळीच देऊ नका.