ताईच्या वाटचं उत्तर

निथळत ठेवलेल्या भांड्यांतून एक चमचा घसरला आणि ओट्यावर वाजला. मी श्वास रोखला. पलीकडच्या खोलीत पिटुकलीने कूस बदलली आणि पुन्हा झोपली. तिच्या दुपारच्या झोपेचा एक तास, तेवढाच काय तो माझा.

ताईला जाऊन दोन महिने झाले. उद्या तिच्या आठवणीसाठी सगळे जमणार आहेत, आणि आम्ही दोघी बहिणी वाजवायचो ती धून मी वाजवणार आहे. धून दोन गिटारींची. एक ओळ मी विचारायची, ताईने तिचं उत्तर द्यायचं. सकाळीच आमच्या ड्रमवाल्याचा फोन आला होता.

"अगं, एकटी कशी निभावशील? माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, हात छान आहे त्यांचा."

"ताईच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही."

"बरं बाई. पण संध्याकाळपर्यंत नक्की काय ते सांग. नाहीतर मी त्यांना बोलावतो."

म्हणून ताईची डिलेची पेटी काढली. पायाने बटण दाबलं की वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत येतो. आवाज बारीक ठेवून मी माझी ओळ वाजवली. सेकंदाभराने तीच ओळ परत आली. मधलं अंतर वाढवून पाहिलं, प्रतिध्वनी वाढवून पाहिले, तर नुसता गलका. ताई असती तर म्हणाली असती, "पोपट पाळलायस की काय?" खरंच होतं ते. पेटी माझाच प्रश्न माझ्या हातात परत ठेवत होती. उत्तर मलाच वाजवावं लागणार होतं.

मग प्रश्न कोरडा ठेवला, नुसती गिटार. तो संपला की बटण दाबायचं आणि ताईची ओळ वाजवायची. मागे दोनच प्रतिध्वनी, मंद, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यातून आल्यासारखे. ओळ मला तोंडपाठ, सूरही सगळे बरोबर. तरी ती ताई नव्हती. तिची नक्कल करणारी मी होते.

चौथ्या खेपेला लक्षात आलं, मी घाई करत होते. लहानपणापासूनची खोड. ताई वैतागायची, "विचारतेसही तूच, बोलतेसही तूच! मला तोंड तरी उघडू दे." ती माझा शेवटचा सूर पुरता विरू द्यायची. वर आणखी एक श्वास. तेवढ्या वेळात मला दर वेळी वाटायचं, आज विसरली ही.

मी प्रश्न वाजवला. तार आपसूक शांत होऊ दिली. बटण दाबलं, हात तारांपासून दूर धरला. आज विसरली ही, असं वाटेपर्यंत थांबले. मग वाजवलं.

आणि त्या लांबच्या कोपऱ्याकडे मी खरोखर मान वळवून पाहिलं.

ड्रमवाल्याला दोन शब्द पाठवले, 'नको बोलावूस.' डोळे पुसून वर बघते तर दारात पिटुकली उभी, गालावर उशीचे वळ.

"मावशी आली?"

"नाही गं राणी. मीच वाजवत होते."

"छे! आधी तू होतीस. नंतर मावशी."

मी तिला मांडीवर घेतलं. गिटार दोघींच्या मध्ये अडकली, तरी ती हलली नाही. माझ्या हनुवटीला धरून तिने माझा चेहरा आपल्याकडे वळवला.

"आई, मावशी काय म्हणाली?"