अखंड अंडी

२०१८ च्या उन्हाळ्यात चिंचणीजवळच्या राखीव किनाऱ्यावर, खाडीच्या दक्षिणेला, चिखल्या पक्ष्यांची सात घरटी होती. त्यांत अठरा अंडी. एकही फुटले नाही, एकही चोरीस गेले नाही आणि एकातूनही पिल्लू बाहेर आले नाही. खाडीच्या उत्तरेला, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या आसपास, त्याच पक्ष्यांची चार घरटी होती. तेथे नऊ पिल्ले झाली.

ही आकडेवारी गोपीनाथ सावे यांनी स्वतः घेतली होती, त्यामुळे ती खोटी म्हणण्याची सोय नव्हती. डहाणूच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते. फेब्रुवारीत पत्नी नयना गेली. मार्चपासून त्यांनी वनखात्यासाठी घरटी मोजण्याचे काम विनावेतन पत्करले. नयनाची कुत्री झिपरी घरात एकटी राहिली की दार खरवडत रडे. ते रडणे त्यांना ऐकवत नसे. म्हणून दर दिवसाआड तिला रिक्षात घालून ते अकराच्या सुमारास किनाऱ्यावर नेत. 'कुत्रा पट्ट्याने बांधलेला असावा' अशी पाटी फाटकावर होती. पट्टा दीड मीटरचा होता. त्यांनी तो मोजला होता. झिपरीने कधी एका अंड्याला नाक लावले नाही. दोघे घरट्यांपासून चाळीस पावलांवर सुरूच्या सावलीत बसत आणि गोपीनाथ नोंदी करीत.

पहिली दोन घरटी फुकट गेली तेव्हा त्यांचा संशय बायजीवर गेला. बायजी चिंचणीची, साठी उलटलेली. तिच्या वलांड्या, म्हणजे बोंबील टांगण्याचे आडवे बांबू, फाटकाला लागूनच होत्या. मासळीच्या वासाने कावळे येतात, कावळ्यांना भिऊन पक्षी उठतात, असा तर्क मांडून गोपीनाथांनी अर्ज केला. आठ दिवसांत बायजीला बांबू उपटून खाडीपलीकडे जावे लागले.

"मास्तर, कावळं हाकलायलाच तर मी दिवसभर बसते," खांद्यावर बांबू घेत ती म्हणाली. "माझं बोंबील मी कावळ्याला घालीन काय?"

"बायजी, माझा तुमच्यावर राग नाही. निरीक्षणावरून..."

तिने झिपरीकडे बोट केले. "तुमची ही ठमाबाई लांबून दिसली का पाखरू उठतं. मी रोज बघते."

"रोज बघणं वेगळं आणि मोजणं वेगळं."

"मग मोजा की! मास्तर हाये ना तुम्ही?"

बांबू उचलायला आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. झिपरीने शेपटी हलवली. गोपीनाथांनी वहीत लिहिले : 'स्थानिक मत. पुरावा नाही.'

वलांड्या गेल्या, त्यांच्यामागे कावळेही गेले. दक्षिणेची घरटी मात्र एकामागून एक वाया जातच राहिली. मेअखेर सातवे तेवढे उरले. निदान यातून एक तरी पिल्लू चालत जाताना दिसावे, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

त्याच आठवड्यात कालवाच्या शिंपल्याच्या धारेने झिपरीचा पंजा कापला. शेजारच्या कविताकडे तिला ठेवून गोपीनाथ पहिल्यांदाच एकटे गेले. त्याच सुरूखाली बसले. मादी घरट्यावर होती. तिने मान उंचावली, त्यांना पाहिले आणि ती बसूनच राहिली. थोड्या वेळाने ती पाण्याकडे धावली, पोटाची पिसे भिजवून मिनिटभरात परतली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली.

चिखल्या अंडी अशी थंड ठेवतो, हे गोपीनाथांनी वाचले होते. या किनाऱ्यावर ते त्यांना एकदाही दिसले नव्हते.

त्यांनी वही उघडली. 'पक्षी घरट्यावर' असा एक रकाना त्यांनीच आखला होता. पस्तीस फेऱ्या, प्रत्येक चाळीस मिनिटांची, आणि त्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द : नाही. हा पक्षी लाजाळू असतो, असे त्यांनी गृहीत धरले होते. बाजूच्या सोडलेल्या घरट्यात त्यांनी तापमापक ठेवला. सत्तेचाळीस अंश.

समोरची मादी अजून अंडी उबवीत होती. पिल्ले बाहेर येण्याची तारीख उलटून सहा दिवस झाले होते.

ओहोटी लागल्यावर ते गुडघाभर चिखलातून खाडी ओलांडून गेले. बायजी बोंबील उलटत होती.

"मोजलं?" तिने विचारले.

"मोजलं. तुम्ही म्हणत होता तेच निघालं."

"मी एप्रिलात म्हणत होते, मास्तर." तिने हातातला बोंबील टांगला. "आता बांबू परत न्यायला माणसं लागतील. ती तुम्ही आणा."

"आणतो."

त्या संध्याकाळी त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. पहिला मागे घेतला, बायजीची जागा तिला परत द्यावी असे लिहिले आणि कारणाच्या जागी पुढील मजकूर घातला :

'अंडी उन्हाने मेली. कुत्रा दिसत असेपर्यंत पक्षी घरट्यावर परतत नव्हते. कावळ्यांचा संबंध आढळला नाही. कुत्रा पट्ट्याला बांधलेला होता. तो दर दिवसाआड मी नेत होतो.'