पाण्यातला गोळा

लोणी कढवणं म्हणजे सत्यशीलाबाईंच्या हातचा मळ. डोळे मिटून बसवलं तरी नुसत्या वासावरून तूप झालं की नाही ते सांगतील. त्यामुळे सकाळी फ्रिज उघडल्यावर पातेल्यातल्या पाण्यात पांढराशुभ्र, तुकतुकीत गोळा दिसला, तेव्हा त्यांनी जराही विचार केला नाही. लोणी पाण्यातच ठेवतात. पोरानं कुठून तरी आणून ठेवलं असेल, पाहुणे यायच्या आत ताजं तूप होईल, पुरणपोळीवर छान धार पडेल, असं म्हणत त्यांनी तो गोळा उचलला आणि तापल्या कढईत सोडला.

गोळा फुटला. आतली साय भळकन बाहेर आली आणि चरचरली. इथवर ठीक होतं. पण वरचं साल काही वितळेना. बाईंनी उलथन्यानं ढवळलं, तर ते उलथन्याला चिकटून वर आलं आणि लांबतच गेलं. बाईंनी हात आणखी वर नेला, तेही आणखी वर आलं.

"अगं बया बया बया!" उलथनं हवेतच राहिलं. "पिलाष्टिक हाय ह्यात! कुनी फसवलं माझ्या लेकराला!"

दुधात पाणी घालणारे त्यांनी ढिगानं पाहिले होते, लोण्यात डालडा घालणारेही पाहिले होते. पण लोण्यात रबर? आणि तेही नेमकं आज!

आज पुणतांब्यातल्या त्यांच्या घरी पार खर्ड्याहून पाहुणे यायचे होते. रंगनाथराव आणि त्यांची मुलगी पंकजा, घर आणि मुलगा दोन्ही बघायला. पंकजा सरकारी दवाखान्यात नर्स. इकडे हर्षलनं तिशी ओलांडलेली, आणि शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते गावात कुणालाही विचारा. हे स्थळ काही केल्या हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच बाईंनी मनाशी धरलं होतं.

अडचण एकच होती. हर्षल काही वर्षं पुण्याच्या हॉटेलात स्वयंपाकी होता, आणि परत आल्यावर घरच्याच म्हशींच्या दुधाचं कसलंसं चीज करून शिर्डीच्या हॉटेलांना द्यायचा. आता मुलगा आचारी आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याचे वडील आबासाहेब तर म्हणायचे, चार माणसांत तो विषयच नको. म्हणून मध्यस्थाला सांगितलं, मुलाचा दुधाचा धंदा आहे. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं. बाईंना विचाराल, तर चीज म्हणजे दुकानातली पिवळी चौकोनी वडी. हर्षलचं काम मागच्या शेडमध्ये चालायचं आणि तिकडे त्या कधी फिरकल्याच नव्हत्या.

हर्षल बादलीभर टोमॅटो घेऊन मळ्यातून आला, तो दारातच थबकला.

"आई, काय केलंस गं हे?"

"तूप करत हुते. पर लोन्यात कायतरी भेसळ हाय."

"ते लोनी नव्हतं आई. चीज हुतं. आत साय भरलेली. टमाट्यांबरुबर पाव्हन्यांना द्यायचं हुतं मला."

बाईंनी कढई खाली उतरवली. पोराची मेहनत त्यांनी स्वतःच्या हातानं जाळली होती. पण त्यातून सावरायच्या आत दुसरं काहीतरी डोक्यात शिरलं.

"टमाट्यांबरुबर? कच्ची टमाटी वाढनार व्हय रं पाव्हन्यांना?"

हर्षल रागावला नाही. रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो शेडमधून फाडलेल्या दुधाचा उरलेला गठ्ठा घेऊन आला, त्यावर कढत मिठाचं पाणी ओतलं आणि चक्क त्यात हात घातले. बाईंच्या अंगावर शहारा आला. हात लालबुंद झाले तरी तो गठ्ठा ओढत राहिला, घड्या घालत राहिला, आणि मघापर्यंत भुसभुशीत असलेली ती वस्तू बघता बघता चकचकीत झाली. मग त्यानं तिची वाटी केली, आत साय भरली आणि मोदकासारखं तोंड मिटवून गोळा गार पाण्यात सोडला. टोमॅटो उन्हाळ्याचे, देठापर्यंत लाल, सुरी लागताच रस सोडणारे. त्यांच्या जाड चकत्या परातीत मांडून वर मीठ, मिरपूड आणि घाण्याचं शेंगदाणा तेल घातलं. मग खिशातून हिरवी पानं काढली.

"तुळस तोडलीस, मेल्या?"

"सब्जा हाय, आई. आपल्याच बांधावरचा."

आज अजून काय काय बघायचं राहिलंय, असं बाईंच्या मनात येतंय तोच बाहेर गाडी थांबली. आबासाहेबांचा "या, या" ऐकू आला.

"ऊठ, भायेर जाऊन बस. मी वाढते."

"दोन मिनिटं. हे नुसतं वर ठिवायचंय." त्यानं गोळा परातीच्या मधोमध ठेवला, सुरीनं हलकेच फोडला, आणि साय टोमॅटोवरून ओघळली.

तेवढ्यात पंकजा दारात आली. पाणी मागायला आली असावी. हर्षलच्या हातात सुरी, खांद्यावर फडकं. बाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी सुरी त्याच्या हातातून हिसकावूनच घेतली आणि तोंडभर हसल्या.

"ह्यो पानी प्यायला आल्ता. आमचा हर्षल सैपाकघरात पाऊल टाकत न्हाई हो. हे समदं मीच केलंय."

हर्षलनं आईकडे पाहिलं. मग फडकं खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला.

ताटं वाढली. रंगनाथरावांनी भीत भीत एक चकती तोंडात टाकली, मग दुसरी टाकली, मग सरळ ताटच पुढे केलं. बाईंच्या पुरणपोळीकडे कुणी ढुंकून पाहीना. त्या मात्र मनातून खूश होत्या. जमलं, असं त्यांना वाटत होतं.

"काकू," पंकजा म्हणाली, "हे कसं करतात? मला सांगा ना."

"त्येला काय... लोनी घ्यायचं. पान्यात ठिवायचं." बाईंची जीभ अडखळली. "आन मग साय घालायची."

"लोण्यात साय?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आबासाहेब ताटातून मान वर काढीनात. हर्षल जमिनीकडे बघत होता.

"काकू, तुमच्या हातांना काही झालेलं नाही," पंकजा म्हणाली. "त्यांचे हात लाल होते. पोळलेले हात मला रोज बघावे लागतात."

बाईंनी पटकन हात पदराखाली घेतले.

"मध्यस्थांना मी एकच अट घातली होती. नाइट ड्युटी करून घरी आले, की कधीतरी मला कुणी वाढलं पाहिजे. मुलाला स्वयंपाक आला पाहिजे. ते हसले. म्हणाले, असा मुलगा या जिल्ह्यात मिळायचा नाही." पंकजानं ताट बाजूला सरकवलं. "इथं मिळाला. पण तुम्हाला त्याची लाज वाटते. उद्या मी आल्यावरही तुम्ही त्यांना असंच बाहेर पाठवाल, आणि ती सुरी माझ्या हातात द्याल."

जे झाकायला बाई सकाळपासून धडपडत होत्या, तेच शोधत ही मुलगी एवढ्या लांबून आली होती! रंगनाथराव हात धुऊन उठले. "कळवतो," म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ बाईंना पक्का ठाऊक होता. आजवर कळवतो म्हणालेल्या कुणीही काही कळवलं नव्हतं.

"तुझ्यासाठीच केलं रं मी," पाहुणे बाहेर पडल्यावर त्या कशाबशा म्हणाल्या.

"ती व्हय म्हनत हुती, आई. न्हाई तू म्हनलीस."

बाहेर गाडी सुरू झाली, आणि बाईंना काय झालं कोण जाणे, त्या तशाच अनवाणी तापल्या अंगणातून धावत सुटल्या. गाडी फाटकातून वळत होती. त्यांनी तिच्यापुढे उभं राहून बॉनेटवर दोन्ही हात ठेवले.

"माझ्या पोराला सैपाक येतो!" बाई ओरडल्या. "लई झ्याक येतो! मला त्यातलं काईबी येत न्हाई! लोनी समजून त्येचं चीज जाळलं मी सकाळी! खोटं मी बोलले, पोरी, त्यो न्हाई!"

शेजारची गोजरबाई ओट्यावर पापड वाळत घालत होती, तिच्या हातातला पापड खाली पडला. आबासाहेब दारात आ वासून उभे. हर्षल धावत आला आणि मध्येच थांबला. आईचा एवढा चढा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

गाडीची काच खाली आली.

"आणि मी आल्यावर?" पंकजानं विचारलं.

"तू आल्यावर बी त्योच करंल. तू ड्युटीवरनं ये आन बस. मी बी बसंन तुझ्याशेजारी." बाईंचे हात बॉनेटवरून खाली आले. "मला बी आजवर कुनी वाढलं न्हाई गं."

हे आपण बोललो? एवढ्या सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर? बाईंनी चटकन तोंडावर हात धरला. मग रंगनाथरावांनी गाडी बंद केली.