बुजवलेला खळगा

झुलिखाचे हात कधी स्वस्थ बसले नाहीत. तिच्या बापानं कोलोच्या डोंगरात जन्मभर बुचाच्या झाडांची साल सोलली, तेव्हा बुचाबद्दल तिला कुणी अक्कल शिकवायची सोय नव्हती. नवरा लखदर दोन दिवस बहिणीकडे गेला आणि हिनं त्याची गळाची काठी खाली काढली. बुचाची मूठ पार झिजली होती. जागोजाग टवके उडालेले, आणि एका बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा.

तिनं मूठ साबणाच्या पाण्यानं पुसली, बुचाचा भुसा सरसात कालवून सगळे खळगे भरले. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं घासून, पाणी मुरू नये म्हणून वर पातळ लेप दिला. मूठ अगदी नवी दिसायला लागली. आता शाबासकी मिळणार, या आशेवर बाई सकाळपासून दारात उभी.

लखदर परतला आणि त्यानं काठी उचलली. मूठ चाचपली, उलटी केली, पुन्हा चाचपली.

"ही कुणाची काठी?"

"अहो, असं काय करता? हिरवी पट्टी तुम्हीच गुंडाळलीत ना? समोर दिसतेय की!"

"गंमत केली गं," तो घाईनं म्हणाला आणि समुद्रावरच्या खडकाकडे निघाला.

त्याच्या पाठीकडे बघताना तिचं हसू विरलं. काठीखाली लोंबायचं ते दोरीचं रीळ आभाळाकडे होतं. चाळीस वर्षं गळ टाकणारा माणूस काठी उलटी धरून चालला होता. तो खळगा अंगठ्याला लागला की वरची बाजू त्याला न बघता कळत होती. न बघता! वर्षभर वर्तमानपत्राला हात नाही, "त्याच त्या बातम्या" म्हणून. जिना उतरताना हात भिंतीवर.

ती तशीच चपला न घालता धावली. वाट त्याच्या पायांना पाठ होती, पण लाटा काही पाठ होत नाहीत, आणि आज समुद्र खवळला होता.

तो खडकाच्या टोकाला उभा होता. लाट फुटून त्याचे घोटे भिजवून गेली आणि तो मागे सरकायचं सोडून अर्धं पाऊल पुढेच सरकला. हाक मारावी तर दचकून पाय घसरायचा. झुलिखा श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत जवळ गेली. भर उन्हात, चार हातांवर ती त्याच्यामागे उभी राहिली.

तिच्या पायाखाली खडे वाजले तसा तो वळला आणि तिच्याकडे बघून अदबीनं हसला.

"सलाम, भाऊ. पाणी बरंच चढलंय का हो?"

तिला रडू फुटलं. बोलावं तर आपल्याला कळल्याचं त्याला कळणार. पण पुढची लाट उंच होऊन येत होती.

"चढलंय," ती म्हणाली आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. "मागे या."

आवाज ओळखून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा समुद्र समोर, पण इतका घाबरलेला तो तिनं कधी पाहिला नव्हता.

"आता मला घरात बसवशील ना?"

"आधी मागे या," ती म्हणाली.