जिन्नाची मेंदी आणि बोकडाची दाढी

मिझा आत्याच्या पार्लरमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. झांझिबारमधल्या निम्म्या बायका माझ्या ताईच्या, म्हणजे नसराच्या, लग्नाची मेंदी बघायला आल्या होत्या. खरं तर मेंदी काढणाऱ्या बी सलामाला बघायला. तिची मेंदी तासाभरात डांबरासारखी काळी होते, हा चमत्कार.

"साधी मेंदी माणूस लावतो," बी सलामा वाटी ढवळत म्हणाली, "ही गुहेतला जिन्न आतून लावतो. मी नुसता हात धरते."

"आणि फोड आले तर?" मी विचारलं.

"फोड नव्हेत गं, दृष्ट! लोकांचा मत्सर कातडीतून बाहेर पडतो."

हे मला पाठ होतं. गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला आत्याने माझ्याच हातावर बी सलामाकडून वेल काढून घेतली होती. वेल फुगली, पिकली, पाणी गळायला लागलं. शेजारणी अभिनंदन करून गेल्या. "केवढे जळतात गं तुझ्यावर!" माझ्यावर कोण जळत असेल, हे मी प्रामाणिकपणे शोधलं. कुणी सापडलं नाही. आता तिथे पांढरट वळ आहे. चिमटा काढला तरी काही वाटत नाही. एरवीही मला फारसं काही वाटत नाही. पण नसराने हात पुढे केले आणि मी वाटी उचलून चालू लागले.

पडद्याबाहेर मकामे मामा नारळ घेऊन बसले होते. नवरीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव. मामा साठीचे, दाढी मात्र काळीकुळकुळीत. ऑक्टोपसच्या सुपाचा गुण, असं ते अख्ख्या बंदराला सांगत.

मी वाटी त्यांच्या नाकाखाली धरली. मामांचा चेहरा उतरला.

"हा वास कुठून आला?"

"जिन्नाकडून."

"कसला जिन्न! हा तर माझा..." मामा थांबले.

"मामा, आत ती दुसरी वाटी कालवतेय."

मामांनी डोळे मिटले आणि पडद्यातून फक्त हनुवटी आत घातली. "बायांनो, बघून घ्या. दाढी मुळाशी पांढरी आहे. त्या वाटीत केसांचा कलप आहे. तोच मी लावतो, तेही हातमोजे घालून. एकदा कातडीला लागला तर मान भोपळ्यासारखी सुजली होती."

"आणि ऑक्टोपस?" मामी आतून ओरडली.

"ऑक्टोपस निर्दोष आहे."

"म्हाताऱ्याचं काय ऐकता!" बी सलामा हसली.

मग मी हातमोजे चढवले. मेजवानीसाठी पांढरा बोकड बांधला होता. त्याच्या दाढीच्या टोकांना डावीकडे आत्याची पानांची मेंदी लावली, उजवीकडे जिन्नाची. तासाभराने धुतली. डावी बाजू नारिंगी, मशिदीतल्या म्हाताऱ्यांच्या दाढीसारखी. उजवी बाजू मकामे मामा.

"बोकडातही जिन्न शिरला का?" आत्याने शांतपणे विचारलं.

बी सलामा खाली बघत म्हणाली, "एक पानही नाही त्यात. तासात काळं पाहिजे, असं तुम्हीच म्हणता. पानांनी ते होत नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात पाहून रसायनाचं नाव सांगितलं: पॅराफेनिलीनडायअमाइन. ते कातडीवर लावलं की भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, आणि एकदा अंगाने ते नाकारलं की बहुधा जन्मभरासाठी.

"केस पिकले तरी तू कलप लावायचा नाहीस," त्या म्हणाल्या.

"सूप पिईन," मी म्हटलं.

आत्याच्या पानांच्या मेंदीने नसराचे हात दुसऱ्या दिवशी लालसर तपकिरी रंगले. सासरी कुणी तक्रार केली नाही.

पार्लर चालवणाऱ्या बायांनो, खरी मेंदी काळीकुट्ट नसते आणि तिला घाईही नसते. कुणी वाटी घेऊन आलं तर विचारा, यात काय आहे? उत्तरात जिन्न आला तर दार दाखवा. 'ठाऊक नाही' आलं तरी तेच दार.

नसराची मेंदी केव्हाच उतरली. माझी वेल आहे तिथेच आहे. काळी मेंदी मागणाऱ्या गिऱ्हाइकांना आत्या अजूनही नमुना म्हणून माझाच हात दाखवते.