काठ नसलेली खुर्ची

प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि वेताच्या खुर्च्या विणणाऱ्याचा धंदा बसला. बिचारा पोटापाण्यासाठी बायकोला मागे ठेवून दूरच्या शहरात गेला. तिथे काम काय मिळावं, तर गोदामात प्लॅस्टिकच्याच खुर्च्या रचायचं! नशिबाने थट्टा करावी तरी किती?

इकडे गल्लीतल्या लोकांच्या डोक्यात खूळ शिरलं: मोडलेलं फेकायचं नाही, दुरुस्त करून वापरायचं. बंद पडलेल्या गॅरेजात त्यांनी दुरुस्तीघर काढलं. आधी सगळे हसले. पण बघता बघता रिकाम्या बसलेल्या सुताराला काम मिळालं, शिवणकाम करणाऱ्या दोघी आल्या, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने दुसरी किटली घेतली. माळ्यांवरच्या वेताच्या खुर्च्या खाली उतरल्या. बायकोने नवऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं वेत भिजवला होता. आता तीच विणायला बसली.

व्हिडिओ कॉलवर ती रोज एक अर्धवट खुर्ची दाखवायची. "अहो, कामाचा ढीग पडलाय. जाळी मी विणते, पण कडेचा काठ बांधणं काही मला जमत नाही. तुम्ही या ना."

"रजा नाही गं. बघू पुढे. इथे हजार खुर्च्या आहेत, पण टेकायला मिळत नाही."

खरं सांगायचं तर काठ तिला केव्हाच जमला होता. नाहीतर गिऱ्हाइकं काय तशाच खुर्च्या घेऊन जात होती? पण काठ जमला म्हटल्यावर हा माणूस कशाला येतोय, या धास्तीने ती गप्प होती. फोनवर दाखवायची ती एकच खुर्ची तिने मुद्दाम बिनकाठाची ठेवली होती.

एकदा फोन चालू असतानाच सुतार आत आला. "वहिनी, तयार खुर्च्या नेतो हो! काठ काय फक्कड बांधलेत तुम्ही!"

झालं! तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"दाखव," नवरा म्हणाला.

तिने फोन वळवला. त्याने एकेक काठ निरखला. "माझ्यापेक्षा घट्ट बांधलायस. मग आता माझं काय काम तिथे?"

तिला हुंदका आवरेना. "कामाचं कोण बोलतंय? मला करमत नाही हो तुमच्याशिवाय. काम मी करते. तुम्ही नुसते बसायला या."

तिच्यामागे ती रोजची खुर्ची त्याला दिसली.

"ती काठ नसलेली खुर्ची कुणाची गं?"

"तुमचीच."

"मग बांध तिचा काठ," तो म्हणाला. "मी निघतो."